माळरानाची साक्ष आणि नावांचा प्रश्न

पश्चिम महाराष्ट्रातील विरळ झाडीची गवताळ माळराने ही एखाद्या प्राचीन अरण्याची उद्ध्वस्त अवस्था आहे, की ती मुळातच तशी आहेत, हा प्रश्न आजवर वनस्पतिशास्त्राच्या कक्षेतील मानला गेला. मराठी भाषेच्या व वाङ्मयाच्या अभ्यासकाचा त्याच्याशी काही संबंध असावा, असे कोणास वाटले नाही. २०२५ साली आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांचा एक निबंध ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटीच्या 'पीपल अँड नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि ही स्थिती पालटली. तेराव्या शतकापासूनचे मराठी चरित्रवाङ्मय, दैवतकथा व मौखिक परंपरेतील ओव्या यांतून झाडाझुडपांचे उल्लेख वेचून, ते कोणत्या प्रदेशाचे व कोणत्या वनस्पतींचे आहेत हे ठरवून, त्यांवरून भूप्रदेशाचे गतकालीन रूप उभे करावे, असा हा उद्योग आहे. त्यांना आढळलेल्या ४४ रानवनस्पतींपैकी जवळजवळ दोनतृतीयांश वनस्पती मोकळ्या, काटेरी, गवताळ प्रदेशाच्या निदर्शक ठरल्या. दाट वनाच्या निदर्शक अगदी थोड्या. यावरून किमान साडेसातशे वर्षे तरी हा प्रदेश आजच्यासारखाच होता, इंग्रजी अमदानीतील जंगलतोडीने तो उघडा पडला ही समजूत टिकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला आहे.

निष्कर्षाचे महत्त्व केवळ पुराणवस्तूचे नाही. नीरा व भीमा या नद्यांच्या दरम्यान बारामती आणि इंदापूर हे जे दोन तालुके पसरले आहेत, त्यांत या वादाचे प्रत्यक्ष परिणाम डोळ्यांनी पाहता येतात. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८० च्या दशकात या भागात आले, पुढे वालचंदनगरसारखे साखर कारखाने उभे राहिले, आणि पाण्याखालचा पट्टा उसाने हिरवा झाला. पाणी जेथे चढले नाही, तो उंचवटा मात्र माळच राहिला. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य याच माळावर आहे. १९९७ साली घोषित झालेले हे अभयारण्य अवघे पाच चौरस किलोमीटरांच्या आसपास भरते. शिरसुफळ, कडबनवाडी येथील गवताळ क्षेत्रेही त्याच जातीची. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, धाविक, चंडोल, पखुर्डी यांचे हे घर. परंतु महसुली दप्तरात ही जमीन प्रायः 'पडीक', केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात ती झुडपी ओसाड जमिनीच्या सदरात, आणि १९६८ साली चँपियन व सेठ यांनी केलेल्या भारतीय वनप्रकारांच्या वर्गीकरणात ती काटेरी वनाच्या पोटात. मूळचे वन गेले व हे उरले, असे एकदा गृहीत धरले की तेथे झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरते. गवताच्या मुळावर खड्डे खणून गिरिपुष्प व सुबाभूळ लावण्याचा जो प्रघात दख्खनच्या माळांवर पडला, त्याच्या मुळाशी अखेर एका शब्दाचा अर्थ आहे. तेव्हा शब्दार्थाची चिकित्सा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी या निबंधाकडे पाहुणा म्हणून पाहणे योग्य नव्हे.

निबंधाचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. शुष्क प्रदेशात परागकणांचा पुरावा टिकून राहणे दुर्घट असते. इंग्रजी कागदपत्रे फार तर दोनशे वर्षे मागे नेतात. अशा ठिकाणी महानुभावांचे गद्य व धनगरांच्या ओव्या साक्षीला बोलावणे, हे धाडस आहे आणि ते सफल झाले आहे. गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांचा अभ्यास करताना (त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ चा, इंग्रजी अनुवाद १९८९ चा) गोपाल-धनगरांची दैवते व कोरडा पठारी प्रदेश यांचे नाते दाखवून दिले होते. गी पॉइटव्हाँ व हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा लक्षाच्या संख्येने संग्रह केला. ही सामग्री वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांच्या हाताशी असताना तिच्यातील बोरीबाभळींची मोजणी करण्याची बुद्धी निसर्गशास्त्राच्या अभ्यासकांना व्हावी, ही गोष्ट मराठीच्या विभागांना फारशी भूषणावह नाही.

तथापि निबंधाची पद्धती ज्या दोन खांबांवर उभी आहे, त्यांची परीक्षा भाषाशास्त्राच्या बाजूने व्हावयास हवी. पहिला खांब भूवाचक शब्दांचा. दुसरा, आणि अधिक नाजूक, वनस्पतींच्या नावांचा.

भूवाचक शब्द जुन्या ग्रंथांत जसे दिसतात तसे घेतले तर फसगत ठरलेली. 'रान' हा शब्द घ्यावा. संस्कृत 'अरण्य', प्राकृत 'रण्ण', मराठी 'रान' ही परंपरा निर्विवाद आहे, आणि त्यामुळे 'रान' म्हणजे अरण्य असे कोशावरून समजणे सोपे आहे. परंतु बारामती-इंदापूरकडे 'धनी रानात गेल्यात' या वाक्याचा अर्थ मालक शेतावर गेले आहेत, एवढाच. नांगरलेले रान, भिजवलेले रान, काळे रान, हलके रान असे शब्दप्रयोग तेथे नित्याचे आहेत. मूळ शब्द अरण्यवाचक, आजचा अर्थ कृषिवाचक, आणि मधल्या सात शतकांत कोठे तरी हा पालट झाला. ओवीतील 'रान' या पालटाच्या अलीकडचे की पलीकडचे, हे त्या ओवीच्या संदर्भावाचून कळणार नाही. आणि मौखिक ओवीला काळ लावणे किती अवघड असते, हे सांगावयास नको.

'जंगल' या शब्दाची कथा याहून उद्बोधक आहे. फारसी-हिंदीच्या वाटेने परत आलेला हा शब्द आज दाट झाडीचा वाचक झाला असला, तरी त्याचे मूळ 'जांगल' हा शब्द प्राचीन वैद्यकात नेमक्या उलट अर्थाने येतो. आनूप म्हणजे पाणथळ, दाट वनस्पतींचा प्रदेश. जांगल म्हणजे कोरडा, उघडा, हरिणांना मानवणारा प्रदेश. फ्रेंच अभ्यासक फ्रान्सिस झिमरमान यांनी १९८२ मध्ये या द्वंद्वावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला आहे. म्हणजे सुप्याच्या माळाला 'जंगल' म्हणणारा गावकरी चरकाच्या दृष्टीने बरोबर आहे आणि तेथे झाडे नाहीत म्हणून हे जंगल नव्हे असे म्हणणारा शिक्षित मनुष्य चुकतो आहे. त्याच गावकऱ्याच्या तोंडी वनखात्याच्या मालकीच्या उघड्या जमिनीलाही 'फॉरेस्ट' हाच शब्द असतो, आणि 'फॉरेस्टात मेंढरं घालू देत नाहीत' हे वाक्य ज्या जमिनीविषयी उच्चारले जाते तेथे सावलीला झाड सापडणे कठीण. येथे 'फॉरेस्ट' म्हणजे वनस्पतींचा समूह नव्हे. मालकी व मनाई. हा अर्थ कोशात अद्याप यावयाचा आहे.

मोरोपंतांचे उदाहरणही या ठिकाणी आठवते. १७९४ साली निवर्तलेला हा पंडित कवी आयुष्याची बहुतेक वर्षे बारामतीस, कऱ्हेच्या काठी राहिला. त्याच्या आर्यांतील वने मात्र प्रायः महाभारत-रामायणातून आलेली आहेत. घराबाहेरचा माळ त्या काव्यव्यवहारात बसणारा नव्हता. स्थळ ज्ञात, काळ ज्ञात, कवी ज्ञात, आणि तरीही परिसराविषयी साक्ष शून्यवत्, असे हे उदाहरण आहे. नेर्लेकर-पाटील यांनी पंडिती काव्याऐवजी चरित्रे, दैवतकथा व ओव्या यांवर भर दिला, हा त्यांचा विवेक यावरून लक्षात यावा. संकेताच्या वाङ्मयातून भूगोल काढता येत नाही. काढता आलाच तर तो त्या वाङ्मयाच्या आदर्शाचा भूगोल असतो.

आता दुसऱ्या खांबाकडे वळावे. जुन्या ग्रंथात 'हिवर' आले, 'तरवड' आले, 'नेपती' आली. हे शब्द अमुक वनस्पतीचे वाचक आहेत असे ठरविल्याखेरीज गणना करता येत नाही. ही ओळख पटवणारा दुवा कोणता? छापील दुवे आहेत. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७), थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ (१९०१ ते १९०८), ब्लाटर व मॅक्कॅन यांचा मुंबईच्या गवतांवरील ग्रंथ (१९३५). परंतु या ग्रंथांतील देशी नावे तरी आली कोठून? ती कोणी तरी कोणाला तरी माळावर उभे करून विचारली. ज्याला विचारले, तो मनुष्य प्रत्येक ग्रंथात अदृश्य आहे. परिस्थितिविज्ञानाच्या आजच्या संशोधनात हाच मनुष्य 'फील्ड असिस्टंट' किंवा क्षेत्रसहायक या नावाने वावरतो, आणि संपूर्ण पद्धतीचा भार त्याच्या कानावर व जिभेवर पडलेला असतो.

या कामाचे स्वरूप भाषेच्या अभ्यासकांना प्रायः अपरिचित असते. माळावर एक सरळ रेषा आखावयाची, तिच्यावर ठरलेल्या अंतराने एक मीटर लांबी-रुंदीची चौकट ठेवावयाची, आणि चौकटीच्या आत जे जे उगवले आहे त्याची नोंद करावयाची. गवताने किती जमीन व्यापली, मोकळा मुरूम किती, लेंड्या किती, कोणते झुडूप फुलावर आले, कोणते शेंगेवर. न ओळखलेले रोप वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवावयाचे व त्यावर क्रमांक घालावयाचा. उन्ह चढण्यापूर्वी जेवढ्या चौकटी होतील तेवढ्या खऱ्या. हीच कृती तेथेच पुढच्या ऋतूत, पुढच्या वर्षी. संशोधक येतात आणि जातात. चौकट कोठे ठेवली होती हे दगडावरून ओळखणारा क्षेत्रसहायक तोच असतो. योजनेची मुदत संपली की त्याचे कामही संपते. त्याच्या नोंदवहीचे तक्त्यात रूपांतर होते, आणि तक्त्यात त्याच्या बोलीचा एकही शब्द उरत नाही.

या रूपांतरात काय गळते, ते गवतांच्या नावांवरून स्पष्ट करता येईल. 'अंजन' हे नाव विदर्भात व खानदेशात एका उंच वृक्षाचे आहे. पठारावर पशुपालकाच्या तोंडी ते एका चाऱ्याच्या गवताचे असते. आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर निळ्या फुलांच्या एका लहान वृक्षाला 'अंजनी' म्हणतात. जुन्या ग्रंथात नुसते 'अंजन' आले तर त्याचा निर्णय ग्रंथकाराचा प्रदेश पाहून करावा लागेल, आणि लोकगीतात आले तर गाणारीचे माहेर कोणते व सासर कोणते येथवर चौकशी न्यावी लागेल. एका शब्दाची एका वनस्पतीशी जोडी लावणारा तक्ता या ठिकाणी खोटा पडतो असे नाही, पण तो शब्दाचा प्रदेश पुसून टाकतो.

'कुसळी'चा प्रकार निराळा. हे गवत कोवळे असता मेंढरे ते खातात. दाणा धरल्यावर त्याची टोकदार कुसळे लोकरीत शिरतात, तोंडाला टोचतात, आणि मग त्याला कोणी तोंड लावत नाही. ज्याच्या घरी मेंढरे आहेत असा क्षेत्रसहायक पावसाळ्याच्या आरंभी या गवताकडे बोट दाखवून 'चारा' म्हणेल आणि कार्तिकात त्याच गवताला 'कुसळ' म्हणेल. तो चुकत नाही. त्याच्या भाषेत नाव वनस्पतीच्या जातीला नसून तिच्या अवस्थेला व उपयोगाला आहे. हॅरल्ड कॉन्क्लिन यांनी फिलिपीन्समधील हानुनू लोकांच्या वनस्पतिज्ञानावर १९५४ साली प्रबंध लिहिला, त्यात त्या लोकांनी मानलेले वनस्पतींचे प्रकार शास्त्रज्ञांनी ओळखलेल्या जातींहून संख्येने अधिक भरले होते. लोकवर्गीकरण हे शास्त्रीय वर्गीकरणाचे अपुरे रूप नव्हे, त्याचे प्रयोजनच वेगळे, ही गोष्ट तेव्हापासून मान्य झाली आहे. परंतु नोंदीच्या कागदावर 'स्थानिक नाव' असा एकच रकाना छापलेला असतो. दोन ऋतूंत दोन नावे सांगणाऱ्या मनुष्याची नोंद त्यामुळे विसंगत ठरते, आणि विसंगती दुरुस्त करण्याच्या भरात ज्ञान दुरुस्त होते.

आणखी एक अडचण क्षेत्रसहायकाच्या शिक्षणातून उद्भवते. गावातील अनुभवी मेंढपाळ व महाविद्यालयातून पदवी घेऊन आलेला तरुण असे दोन्ही प्रकारचे सहायक या कामात असतात. दुसऱ्याची अचूकता अधिक, परंतु त्याच्या तोंडून येणारे 'स्थानिक नाव' कित्येकदा मराठी पुस्तकातून आलेले असते. 'चिंकारा' हे आज बारामतीत सर्रास ऐकू येते. फलकांवर, अभयारण्याच्या माहितीपत्रकांत तेच आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांनी मात्र या हरिणाचे मराठी नाव म्हणून 'कालसिपी' अशा घाटाचा शब्द रोमन लिपीत टिपला व त्याचा अर्थ काळ्या शेपटीचे असा दिला. रोमन लिपीत 'ल' व 'ळ' यांचा भेद राहत नाही, 'स' व 'श' यांचाही भरवसा नाही. अर्थावरून पाहता मूळ शब्द 'काळशेपी' अथवा 'काळशिपी' असावा असा तर्क करता येतो. तो शब्द कोणाच्या तोंडचा, कोणत्या गावचा, हे त्या ग्रंथांत नाही. चिंकारा माळावर आजही आहे. नाव मात्र निर्णय करता येणार नाही अशा अवस्थेत पोचले. भिगवणकडील पाणपक्ष्यांची गोष्ट याच्या उलट आहे. उजनीचा जलाशयच १९८० चा. तेथे येणाऱ्या रोहित पक्ष्यांना 'अग्निपंख' म्हणावे की सरळ 'फ्लेमिंगो', हा प्रश्न नावाड्यांनी आपल्या पद्धतीने सोडवला आहे, आणि त्यात परंपरेचा शोध घेणे व्यर्थ.

यातून निबंधाच्या मध्यवर्ती युक्तिवादाला एक गंभीर मर्यादा पडते. माळरानाचे माळरानपण झाडांनी ठरत नाही, गवतांनी ठरते. दाबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतीय गवताळ प्रदेशांचे वर्गीकरण केले, तेव्हा द्वीपकल्पाच्या पठारी प्रदेशाला त्यांनी 'सेहिमा-डायकँथियम' असे नाव दिले. ही दोन्ही गवते दख्खनच्या पशुपालकाला पूर्ण परिचयाची आहेत: पहिल्यातील एक पवना, दुसऱ्यातील एक मारवेल. (इंग्रजी ग्रंथांत दुसऱ्याचे नाव 'मार्वेल ग्रास' असेच छापले जाते, आणि अनभिज्ञ वाचकाला ते विस्मयवाचक इंग्रजी विशेषण वाटावे, हा एक गमतीचा अपघात.) आता प्रश्न असा, की संतचरित्रांत, महानुभावांच्या गद्यात, दैवतकथांत पवना व मारवेल यांची नावे घेऊन उल्लेख किती येणार? तेथे यावयाचे ते 'तृण', 'गवत', 'चारा', फार तर 'कुरण'. झाडाखाली चक्रधर बसतात, झाडाखाली देव प्रकटतो, काटा पायात रुततो. म्हणून झाड व काटा यांना नाव मिळते. गवत पायाखाली असते. त्याला जातिवार नाव देण्याची गरज महंताला नाही, मेंढपाळाला आहे. सारांश, जुन्या वाङ्मयातून मिळणारी यादी ही प्रसंगांची यादी असते, वनस्पतिसमूहाचा नमुना नसतो, आणि ज्या घटकाने वादाचा निकाल लागावयाचा तोच घटक तिच्यात मुका राहतो.

याचा अर्थ निष्कर्ष चुकीचा आहे असा नव्हे. वाङ्मयाने काटेरी झाडांची साक्ष दिली आणि माळावरच्या चौकटीने गवताची साक्ष दिली, तर दोहोंची सांगड बसते. दाट वनातील झाडांची नावे त्याच वाङ्मयात इतकी विरळ असावीत, हेही बोलके आहे. एवढेच, की दुसरी साक्ष देणारा मनुष्य पहिल्या साक्षीच्या वाचनातही उपस्थित असावयास हवा. तेराव्या शतकातील ग्रंथातला शब्द व विसाव्या शतकातील वनस्पतिकोशातला शब्द यांमध्ये अखंड दुवा एकच आहे: बोलणाऱ्यांची परंपरा. तिचा आजचा प्रतिनिधी चौकट उचलून नेतो आहे.

वाङ्मयाने या मनुष्याला शास्त्रापेक्षा बरे वागविले आहे, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) हे वनाधिकारी. त्यांच्या लेखनात अरण्याचे शब्द सांगणारे लोक बहुधा स्वतःच्या नावागावासह येतात. नवेगावबांधचे माधवराव पाटील हे तर त्यांच्या लेखनातील एक स्वतंत्र व्यक्तिमत्त्वच होऊन बसले आहेत. शब्द कोणाकडून मिळाला, कोणत्या वेळी, काय पाहत असता, हे चितमपल्ली सांगतात. त्यांच्या शास्त्रीयतेविषयी कोणाचे काही मत असो, आधार देण्याची ही रीत भाषाशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ज्या माणदेशात घडते तो प्रदेश नीरेच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर, तसाच कोरडा, तसाच मेंढरांचा. तेथे बाहेरून आलेला सुशिक्षित तरुण व धनगर यांच्यातील संबंध हा कादंबरीचा विषयच आहे. मात्र चितमपल्ली झाले, माडगूळकर झाले, दोघेही पाहणारे आणि लिहिणारे. नोंद घेऊन देण्याच्या मोबदल्यात रोजमुरा घेणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीतून माळ कसा दिसतो, हे मराठीत लिहिले गेल्याचे सहसा आढळत नाही. विज्ञानाच्या निबंधांत तर त्याचे स्थान शेवटच्या आभाराच्या परिच्छेदात. तेथे नाव असते, वाक्य नसते.

वाङ्मयाहून स्थिर व तक्त्याहून जुना असा एक पुरावा या दोन तालुक्यांत मुबलक आहे. तो म्हणजे ग्रामनामांचा. इंदापुरात बोरी व बाभुळगाव, पळसदेव, निंबोडी, निमगाव केतकी. बारामतीत पळशी, पिंपळी. पहिल्या दृष्टीत ही नावे नेर्लेकर-पाटील यांच्या निष्कर्षाला पुष्टी देतात: बोर, बाभूळ व पळस ही मोकळ्या प्रदेशाचीच झाडे. परंतु निंब व पिंपळ मनुष्य लावतो, पाराभोवती वाढवतो; त्यांच्यावरून गावाचे वय फार तर कळेल, भोवतालच्या वनस्पतींचा प्रकार कळणार नाही. 'कडबनवाडी' या नावातील 'बन' पाहून तेथे एके काळी वन होते असे म्हणण्याचा मोह कोणास होईल. तो मोह टाळावा, कारण नावाची जुनी रूपे दप्तरात तपासल्याखेरीज त्या अक्षरांची फोड कोठे करावयाची हेच ठरत नाही. पळसदेव तर उजनीच्या पाण्याखाली गेले. पाणी ओसरले की जुने देऊळ वर येते, आणि नाव नव्या वसाहतीला चिकटून राहिले आहे.

वनस्पतींच्या यादीत न मावणारा असा आणखी एक पुरावा आहे. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये इंदापूरच्या शेजारचा तालुका 'भीमथडी' या नावाने येतो, आणि भीमथडीची तट्टे मराठी फौजांच्या बोलण्यात म्हणीइतकी रूढ होती. घोड्यांची पैदास दाट वनात होत नाही. तिला विस्तीर्ण चराऊ जमीन लागते. 'भीमथडीचे तट्टू' या शब्दसमूहात माळरानाचा जो पुरावा साठला आहे तो एकाही वनस्पतीचे नाव न घेता साठला आहे. अशा अप्रत्यक्ष शब्दांचा शोध, म्हणजे चराईचे कर, कुरणांची राखण, गुरांच्या वाटा यांविषयीचे दप्तरी शब्द, हा मराठीच्या विद्यार्थ्याला पेलणारा विषय आहे; त्यासाठी चौकट उचलावी लागत नाही, मोडी मात्र वाचता यावी लागते.

नोंदीच्या कागदाविषयी एक व्यावहारिक सूचना करता येते, आणि ती माळावर काम करणाऱ्या संशोधनसंस्थांना मान्य व्हावी. 'स्थानिक नाव' या एका रकान्याऐवजी चार रकाने असावेत: उच्चारल्याप्रमाणे देवनागरीत नाव, सांगणाऱ्याचे गाव व व्यवसाय, ऋतू, आणि त्या नावाने तो आणखी कशाकशाला ओळखतो. सांगणाऱ्याची संमती असेल तेथे त्याचे नावही. यातला शेवटचा रकाना भरावयास सर्वांत अधिक वेळ लागेल, कारण क्षेत्रसहायक तेथे उत्तर देण्याऐवजी चालू लागेल आणि पलीकडच्या उतारावरचे दुसरे गवत उपटून आणील. ते गवत त्या दिवशीच्या चौकटीत पडलेले नसेल. तरीही त्याची नोंद घ्यावी.